जलशुद्धी इंडस्ट्रीजचा कच्चा माल

९ मार्च १९६५, मंगळवार

निर्णय पक्का. कंपनी काढायची. नाव: जलशुद्धी इंडस्ट्रीज, साखरखेर्डा. मॅनेजिंग डायरेक्टर मी. चेअरमनही मीच, दुसरं कुणी तयार नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे डोकं साफ राहील. गेल्या गुरुवारी आळीच्या विहिरीत गॅमेक्सिनचं अर्धं पोतं पडलं. वांग्यांवर मारायची पावडर. वामनरावांनी, म्हणजे मी, पाडलं, असं शेजारची शालूबाई सांगत फिरते. खोटं. पोतं विहिरीच्या ओट्यावर मी ठेवलं होतं, पण घसरलं ते आपणहून. मी फक्त जवळ उभा होतो.

बारा घरं त्या विहिरीवर. आता बाया अर्ध्या कोसावरच्या नाल्यातून पाणी आणतात आणि येताना मुद्दाम माझ्याच दारासमोर घागरी टेकवून दम खातात.

पेपरात आलंय, ही औषधं पाण्यात वर्षानुवर्षं टिकतात. लोक घाबरले. मी नाही. घाण टिकणार म्हणजे धंदाही टिकणार! आज आमची विहीर, उद्या अख्खा जिल्हा. माझं मॅट्रिकचं सायन्स फुकट गेलं म्हणणारे बघतच राहतील.

१० मार्च

मेहुणे शेषराव दुसरबीडहून आले. त्यांच्याकडे ऑइल इंजिन आहे, त्यामुळे जगातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय एकच. म्हणाले, "दाजी, काऊन येवढा खटाटोप करून राह्यले? इंजन आणतो, हीर उपसतो, गाळ काढून टाकतो. दोन दिवसाचं काम."

दूरदृष्टी अजिबात नाही. विहीर उपसली तर कंपनीनं शुद्ध काय करायचं? साफ नकार दिला. चहा मात्र पाजला.

सौ.ने वेगळीच अट घातली. आमची अन्नपूर्णा सुलतानपूरहून पहिल्या बाळंतपणाला येणार आहे, एप्रिलअखेर. विहीर प्यायजोगी झाली नाही तर ही पोरीला या घरात आणणार नाही. मी म्हणालो, एप्रिल कशाला, मार्चअखेरच धर.

१४ मार्च, सकाळी ६

संकल्प: तपकीर बंद. शास्त्रज्ञाचं नाक स्वच्छ हवं.

१४ मार्च, सकाळी ९

तपकिरीशिवाय डिझाइन सुचत नाही. थोडी घेतली. ड्रॉइंग लगेच पूर्ण झालं. एकावर एक तीन पिंपं: वरच्यात रेती, मधल्यात बाभळीचा कोळसा, खालच्यात शुद्ध पाणी. बोर्ड आधी रंगवून घेतला. पिंपं नंतर येतील.

२२ मार्च

मशीन उभं राहिलं. वरून चार घागरी ओतल्या, खालून अर्धा तांब्या काळं पाणी आलं. हे स्वाभाविक आहे. मशीन नवीन आहे, त्यालाही सवय व्हायला हवी.

वास घेऊन पाहिला. मला काही आला नाही. ही म्हणाली, "तपकिरीनं तुमचं नाक मेलं हाय." मग म्हशीपुढे ठेवलं. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. म्हशीच्या मतावर कंपनी चालवणार नाही.

२९ मार्च

मोठी सुधारणा. तिन्ही पिंपं आतून चुन्यानं रंगवली, चांगले चार-चार हात दिले. देवघराच्या भिंतीसुद्धा इतक्या शुभ्र नाहीत. आता पाणी काचेसारखं येतं. वासही गेला. आज हीसुद्धा एवढंच म्हणाली, की कमी झालाय. जिंकलो!

रविवारी आळीला जाहीर प्रात्यक्षिक. नुसतं पाणी दाखवून काय होणार? बारा घरांना पंगत द्यायची. सगळा स्वयंपाक कंपनीच्या पाण्यात.

४ एप्रिल, रविवार

डाळ शिजली नाही.

सकाळी सातला तुरीची डाळ चुलीवर चढवली. दहाला पाहिली, दाण्याला दाणा वेगळा. बारा वाजता तशीच. दोन वाजता शालूबाईनं एक दाणा बोटांत दाबला, आळीतल्या सगळ्या बायांना दाखवला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. या भागात पाण्याची एकच परीक्षा: डाळ शिजली तर पाणी चांगलं. म्हाताऱ्या अंबूबाईंनी घरून नाल्याच्या पाण्यात मूठभर डाळ लावली. तासाभरात मेण. त्यांनी ती वाटीत घालून मला आणून दिली आणि वर म्हणाल्या, "खा रे बाबा, सकायपासून उपाशी हायेस."

लोक आपापल्या घरून आणलेली भाकरी आणि ठेचा खाऊन गेले. चुन्यानं पाणी जड झालं, असं शेषराव म्हणाले. मी ठणकावून सांगितलं, पावडर काढणारं मशीन आहे, डाळ शिजवणारं नाही. दोन वेगळी खाती आहेत! शिवाय डाळ जुनी होती.

अंबूबाईंची वाटी चाटूनपुसून खाल्ली. भूक लागली होती, त्यात तत्त्वाचा प्रश्न येत नाही.

८ एप्रिल

हल्ला झाला. शेषराव न सांगता बैलगाडीत इंजिन घालून आले. मी विहिरीच्या ओट्यावर आडवा झालो. जाहीर केलं, हे पाणी कंपनीचा कच्चा माल आहे, एक थेंब उपसू देणार नाही. ऊन मी म्हणत होतं. दीड तास उठलो नाही. शेवटी शेषरावांनी गाडी वळवली. जाताना हिला म्हणाले, "ताई, दाजीले सावलीत ने."

ही घागर उचलून नाल्याकडे गेली. म्हणजे माझं म्हणणं पटलेलं दिसतं.

१४ एप्रिल

अन्नपूर्णाचं पत्र. "आप्पा, तुमचं काम चालू द्या. मी मामाकडे दुसरबीडला जाईन म्हणते. आईले बोलू नका, तिचा खांदा दुखून राह्यला." खांद्याचं मला ठाऊक नव्हतं. रोज समोरून घागर घेऊन जाते, दिसायला हवं होतं.

पहिलं बाळंतपण बापाच्या घरी नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण आता माघार घेतली तर दीड तास उन्हात पडलो ते कशासाठी?

उपाय: बुलढाण्याला जाऊन सरकारी शिक्का मिळवायचा. शिक्का असला की पोरगी येईल.

२० एप्रिल, बुलढाणा

चिखलीला एस.टी. बदलून काल पोचलो. आरोग्य खात्याचे साहेब दौऱ्यावर. धर्मशाळेत मुक्काम. आज भेटले. ड्रॉइंग उलटं धरून बराच वेळ पाहिलं, पण पाहिलं! म्हणाले, एक बाटली खराब पाणी आणा, एक बाटली शुद्ध केलेलं आणा, दोन्ही तपासायला पाठवतो. दोन रिकाम्या बाटल्या स्वतःच्या हातानं दिल्या. शेषरावांना आता कळेल.

२१ एप्रिल

घरी पोचलो तर विहिरीवर इंजिन. दोन दिवस चाललं म्हणे. गाळ काढून पडीक रानातल्या खड्ड्यात पुरला. कपारी घासल्या, नवे झरे फुटले, कमरेइतकं पाणी चढलं. इंजिन शेषरावांचं, पण बोलावलं हिनं. मी एस.टी.त बसल्यावर तासाभरात निरोप गेला होता.

मी खूप बोललो. कुणी उलट बोललं नाही, त्यामुळे लवकर संपलं.

२२ एप्रिल

बाटली घेऊन बारा घरं हिंडलो. त्या विहिरीचं जुनं पाणी कुणाकडे शिल्लक आहे का विचारलं. कुणाकडे घोटभरही नाही. शालूबाई हसली नाही, तेच जास्त लागलं.

२४ एप्रिल, दुपारी

अन्नपूर्णा आली. मामाच्या बैलगाडीतून, सावकाश. उतरल्या उतरल्या आईला बसवलं आणि स्वतः तांब्याभर पाणी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "आप्पा, घ्या. चांगलं हाय."

मी घोट न घेताच म्हणालो, अजून थोडा वास आहे.

ती म्हणाली, "बरं." तांब्या घेऊन आत निघाली.

उन्हातून आलो होतो. तहान लागली होती. हाक मारून परत मागून घेतला. सगळा प्यालो.