लायसनवरचा दुसरा शेरा

३ मार्च १९८६, सोमवार
माझ्या लायसनवर कोर्टाचा शेरा बसला त्याला आज तीन वर्षं भरली. या तीन वर्षांत नवा गुन्हा लागला नसेल तर शेरा मारलेलं लायसन जमा करून कोरं मिळतं. बोईसरच्या कारखान्याला स्टाफ-बससाठी कायम ड्रायव्हर हवाय. साहेबांची अट एकच, लायसन कोरं पाहिजे. पण माझं लायसनचं पुस्तक मालकांच्या, आप्पांच्या कपाटात. नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी ठेवून घेतलं, सगळेच ट्रकमालक घेतात. वाटेत पोलिसांनी अडवलं तर आप्पांचं नाव सांगायचं, की सुटका.

५ मार्च, बुध.
मागितलं. आप्पा म्हणाले, "दामू, चावी धाकट्याकडं हाय. तो सुरतेला गेलाय." धाकटा, म्हणजे त्यांचा मुलगा, काल वाणगाव स्टेशनबाहेर पान खात उभा होता. मी या डोळ्यांनी पाहिला. मग खोटं कशाला? बसच्या नोकरीचं कुणीतरी यांच्या कानावर घातलंय.

९ मार्च, रवि.
नोकरीचं फक्त सौ.ला ठाऊक. तिचा चुलतभाऊ आप्पांच्या वाडीत चिकू उतरवतो. विचारलं तर म्हणाली, "मलाच विचारता? लाज नाय वाटत?" ताट आदळलं. दिवसभर बोलणं बंद. तरी एवढं रागवायचं कारण काय, हे डोक्यातून जात नाही.

१२ मार्च, बुध.
मिळालं. आप्पांनी दिलं ते माझ्याकडे न बघता. घरी येऊन उघडलं. पहिला शेरा, ३ मार्च ८३, वाणगाव फाटकाजवळ भरधाव. त्याच्याखाली दुसरा! १९ ऑगस्ट ८५, मनोर, भरधाव. सुरतेचं खोटं याच्यासाठी होतं तर. म्हणजे तीन वर्षं आता ऑगस्टपासून मोजायची. ८८ साल उजाडेल. तोवर बस माझ्यासाठी थांबते होय!

१३ मार्च
गेल्या सालची वही काढली. १७ ते २१ ऑगस्ट: 'ताप. अंथरुणात. पेज.' मग कोर्टात माझ्या नावानं उभं कोण राहिलं? धाकट्याकडे मोठ्या गाडीचं लायसन नाही. कपाटाची चावी मात्र आहे.

१४ मार्च, शुक्र.
आप्पांना तोंडावर विचारलं. नाही म्हणाले नाहीत. "मंग काय जालं? पयल्या टायमाला पन गाडी धाकट्याच्याच हातात होती. तू सोताच सांगितलंस ना कोर्टात, मी होतो म्हनून? तवा कुटं राग आला तुला?"
तेव्हा धाकट्याचं लग्न ठरत होतं, आप्पांनी हात धरला, मी उभा राहिलो. मालकाच्या मुलाचा गुन्हा ड्रायव्हरनं अंगावर घ्यायचा, त्यात कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

१७ मार्च, सोम.
ठाण्याला आरटीओत जाऊन आलो. खिडकीवरचा माणूस बरा वाटला. (जरा जास्तच बरा.) म्हणाला, दुसरा शेरा तुमचा नसेल तर कोर्टात अर्ज करा. "पहिला तुमचाच ना?" मी हो म्हणालो. पटकन. पुस्तक खिशात घातलं तरी कान तापलेलेच होते.

२० मार्च, गुरु.
अर्ज लिहायला बसलो. दुसऱ्याचं खरं लिहायचं तर चौकशीत पहिल्याचं खोटं बाहेर येणार. कोर्टापुढे खोटं बोललो, ते वेगळंच अंगाशी येईल. न लिहावं तर बस गेली. सौ. शेजारी गहू निवडत होती. तिला सगळं सांगून टाकलं.
तिचा हात थांबला. "म्हंजी फाटकावर तुमी नव्हता?"
"नव्हतो."
तीन वर्षं तिनं पोरांना माझ्या गाडीत पाऊल ठेवू दिलेलं नाही. माकुणसारला माहेरी जायचं तरी एसटीनंच. मला वाटायचं, तिला ट्रकची लाज वाटते.
"मला पन खोटं सांगितलंत," म्हणाली. मग गव्हाचं सूप बाजूला सारलं. "आनि काय काय सांगितलं नाय?"
काही नाही म्हणालो. तिला पटलेलं दिसलं नाही. सोमवारी बसच्या मुलाखती आहेत. अर्जावर अजून नुसतं नावच आहे.