टाकीशी बांधलेला

२ नोव्हेंबर
आनंदने आजही पाहुणे आणले. घरामागच्या बायोगॅसच्या टाकीवर हात ठेवून म्हणतो, "घरचा ओला कचरा आणि आमच्या गावचा, खडवलीचा पेंढा, एवढ्यावर गॅस! पण आमच्या बाबांशिवाय ही चालतच नाही." हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते.

४ नोव्हेंबर
पेंढा बोटभर कापला, भिजवला, भाजीच्या देठांत कालवून टाकीत ओतला. लांब राहिला तर वर तरंगतो, थर धरतो, गॅस अडतो. लिंबाची सालं निवडून काढली, आंबट टाकीला सोसत नाही. एक दिवस चुकला तर टाकी बिघडेल — जीव तिथेच अडकलेला.

आनंद म्हणालेला, बाबा, सुरू होऊ दे, मग जा गावाला. सुरू होऊन पावसाळा गेला!

चुलतभाऊ उत्तमचा फोन. "दादा, भात कापून झालं. झोडणीला येतोस ना? का सुनेच्या शेगडीला फुंकर घालत बसणार?" वर हसला मेला.

५ नोव्हेंबर
धीर करून आनंदला विचारलं. "इथे कोण बघणार, बाबा? प्राची शाळेत शिकवायला जाते. पेंढा मागवू ना टेम्पोने!"

पेंढा येणार. मी जायचं नाही. सून खाली मान घालून जेवत होती.

६ नोव्हेंबर
डोळ्याला डोळा नाही. खळ्यात माझ्याशिवाय झोडतील.

७ नोव्हेंबर
दुपारी घरात कोणी नव्हतं. न्हाणीतली फिनेलची बाटली टाकीत रिकामी केली. वर बालदीभर पाणी. आता आतले जंतू सगळे मरतील, गॅस धरणार नाही. मग आनंद नाद सोडेल. सोडेल ना? साबणाने तीनदा धुतले, तरी हातांना वास येतोय.

८ नोव्हेंबर
सकाळी प्राचीने माझ्या हातातली बालदी घेतली. "द्या इकडे, बाबा. रोज खिडकीतून बघत होते तुम्ही कसं करता ते. आनंदला सांगितलंय, महिनाभर मी बघते. दोन दिवस तुमच्या देखत घालते, मग तुम्ही खुशाल झोडणीला जा."

शेगडी निळीच पेटत होती. आधीचा साठलेला गॅस असणार. सांगावं म्हटलं — आणि तिच्यापुढे विळी सरकवली. ती पेंढा कापत होती, अगदी बोटभर.

१० नोव्हेंबर
शेगडी पेटली नाही. आनंद तिच्यावर ओरडला. ती रडत म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी चुकलं. बाबा, एवढ्यात नका ना जाऊ."

मी विळी घेऊन पेंढा कापायला बसलो.