चार वाजून बारा मिनिटांचा लेखी खुलासा

सोमवार, १० नोव्हेंबर. दुपारी ४.०९

चोर पकडला! कंपनीच्या ॲपमध्ये आपल्या वायफायवर कोण कोण बसलंय याची यादी दिसते, हे आजच कळलं. छत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, तशी हीही घेतली. माझा फोन, हजर. यांचा फोन, हजर. टीव्ही, हजर. आणि चौथा कोणी 'डेस्कटॉप-७के९'. ना नाव, ना आडनाव, कैद्यासारखा नंबर. समोर लाल बटण होतं, ब्लॉक करा. केलं. बोट अजून हुळहुळतंय.

दुपारी ४.१२

माझ्या कंप्युटरचं इंटरनेट गेलं. तीन मिनिटांत सूड! फोन चालू, टीव्ही चालू, बंद फक्त माझा कंप्युटर. म्हणजे हे वैयक्तिक वैर आहे.

दुपारी ४.३०

संशयित एकच. वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ. गेल्या महिन्यात पाहुणे आले तेव्हा वायफायचा पासवर्ड मागत होती. मी दिला नाही. "राहू द्या ताई," म्हणाली आणि हसली. ते हसू मी तेव्हाच ओळखलं होतं.

जिन्यावर जाऊन तिच्या दाराखालून पत्र सरकवलं. "सोमवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी तळमजल्यावरचं इंटरनेट कोणी बंद केलं, याचा लेखी खुलासा शनिवारी सकाळी दहाच्या आत मिळावा." सही, तारीख. प्रत ठेवली.

शनिवारी अकराला आमच्या कॉन्व्हेंटच्या बॅचचा ऑनलाइन मेळावा आहे. मुख्य भाषण माझं. विषय 'निरीक्षणशक्ती'. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर ब्याण्णव वर्षांच्या आहेत, त्या येणार. पुढच्या मेळाव्याचं कोण सांगणार? माझ्या फोनवरून भाषण करता येत नाही. तो बादलीत पडल्यापासून त्याचा कॅमेरा नुसतं धुकं दाखवतो. यांचा फोन बटणांचा आहे. वायफायवर कसा येतो देव जाणे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कंप्युटर बंद केला, चालू केला. राउटर बंद केला, चालू केला. मेन स्विचही बंद केला, तेव्हा हे आंघोळीला होते. ओरडले.

नाश्त्याला यांनी विचारलं, "अगं, त्या यादीत आपला कंप्युटर कुठला होता?"

काय प्रश्न! माझ्या कंप्युटरचं नाव 'माय कंप्युटर' आहे. स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात स्वच्छ लिहिलंय. ते नाव यादीत नव्हतं, कारण नसणारच. हजेरी घेणारी बाई स्वतःची हजेरी घेत नाही. हे म्हणाले, "बरं." लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, या 'बरं'चा अर्थ मला अजून कळलेला नाही.

हेल्पलाइन. सव्वीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी म्हणाली, मॅडम, राउटर बंद करून चालू करा. मी तिला सांगितलं, बाळ, ते मी तुझ्या जन्माआधीपासून करतेय. माणूस उद्या येईल.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी ११

कंपनीचा माणूस आला. चपला बाहेर काढल्या, एवढंच कौतुक. विचारतो, "मॅडम, तुम्ही कोणाला ब्लॉक केलंय का?" म्हटलं, हो, चोराला. म्हणाला, "जरा तुमचा फोन दाखवता?" स्वतःचा फोन परक्या माणसाच्या हातात? असे आमच्यावर संस्कार नाहीत. त्याला सरळ वरच्या मजल्यावर झडती घ्यायला पाठवलं.

दहा मिनिटांनी तोंडात काहीतरी चघळत खाली आला. म्हणतो, त्यांचं स्वतःचं कनेक्शन आहे, तुमच्या दुप्पट वेगाचं. बघा! दुप्पट आलं कुठून? अर्धं माझं असणार. हे सांगितलं तर त्याने आपली बॅग उचलली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तांत्रिक बाबी आता स्वतःकडे घेतल्या. स्टुलावर चढून राउटर कपाटावर ठेवला. लहरी वरून खाली येतात, हे भूगोल शिकवलेल्या बाईला सांगायला नको. काही उपयोग झाला नाही. मग खाली ठेवला. मग खिडकीत. शेजारच्या मांजरीने त्याला ऊब म्हणून मिठी मारली.

हे परत म्हणाले, "ते लाल बटण एकदा..." मी फक्त बघितलं. वर्तमानपत्र वर गेलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शाळेतली आमच्या वर्गाची मॉनिटर फोनवर. गोड आवाज. "तुझं नेट नाही म्हणे? काळजी करू नकोस हं, मी एक छोटंसं भाषण तयार ठेवलंय." छोटंसं! हिने सातवीत साध्या आभारप्रदर्शनाला अर्धा तास घेतला होता. सिस्टरांच्या समोर ही? माझ्या जिवंतपणी नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी १०.००

मुदत संपली. वरून खुलासा नाही. आरोपी दोषी.

सकाळी १०.४०

कंप्युटर ढिम्म. डोळ्यांत पाणी आलं. धुळीमुळे. दारात धाकटी उभी. "ताई, वर चला. माझ्या कंप्युटरवर बसा. साडी छान नेसलीय, ती वाया कशाला घालवायची?" चोराच्या घरी जायचं की नाही यावर विचार करायला वेळ नव्हता. गेले. तिने खुर्चीवर उशी ठेवली होती, पाणीही.

दुपारी १२.५०

भाषण अप्रतिम झालं. एवढ्याशा बारकाव्यातून गुन्हेगार कसा ओळखावा, हे मी उदाहरणासह सांगितलं. उदाहरण माझ्या मागेच उशी सारखी करत होतं.

मग सिस्टर बोलल्या. आवाज कापरा, स्मरणशक्ती लखलखीत. "ही ना? मॉनिटर आजारी होती तेव्हा हिला एक दिवस हजेरी घ्यायला दिली. हिने सगळ्यांची घेतली आणि स्वतःला गैरहजर लावलं. मग घरी पत्र का आलं म्हणून माझ्याशीच भांडायला आली." चौतीस चेहरे एकदम हसले. मॉनिटर सर्वांत जास्त. धाकटीही. शेवटी मीसुद्धा, पण सर्वांत कमी.

दुपारी १.२०

खाली आले. फोनवर यादी उघडली, सहज. लाल अक्षरांत एकच नाव. त्याच्या समोर हिरवं बटण, ते दाबलं. कंप्युटरचं इंटरनेट सुरू झालं.

योगायोग.

हे म्हणाले, "बरं."

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी ९.४०

दाराखालून पत्र आलं. माझंच पत्र. वरचं तिचं नाव खोडून माझं घातलंय, वाराची दुरुस्ती केलीय, बाकी शब्द न् शब्द तसाच. यांनी पेन आणि कोरा कागद माझ्यासमोर ठेवला आणि फिरायला गेले. वीस मिनिटं उरली. माझ्या कागदावर आत्तापर्यंत 'प्रिय धाकटी' एवढंच झालंय आणि समोर तो कागद आहे:

"सोमवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी तळमजल्यावरचं इंटरनेट कोणी बंद केलं, याचा लेखी खुलासा रविवारी सकाळी दहाच्या आत मिळावा."