माळव्याहून आलेल्यांचा हात थरथरत नाही

चि. हिमांशूस,

(चिरंजीव लिहिलं तरी आपल्या पोवारांत मामाच भाच्याच्या पाया पडतो. तू तेहतीस वर्षांनी लहान असलास तरी या कागदावरून पाया पडतो. तिकडे टोरांटोत मोजे घातलेलेच असू दे, चालेल.)

तुझी आणि सूनबाई नूतनची तब्येत ठीक असेल. थंडीत कान बांधत जा. इकडे धान कापून झालं, नात खुशीची परीक्षा झाली, तुझ्या मामीचे गुडघे बरे आहेत. एकूण माझा उजवा हात सोडला तर घरात सगळं खुशाल आहे. हा हात चार महिन्यांपासून थरथरतो. मामीचं म्हणणं, नागपूरला मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. माझं म्हणणं, थरथरतो हात, मेंदूचा काय संबंध? या वादात चार महिने गेले. मोबाइलवर लिहायला घेतलं की एकेक अक्षर तीनतीनदा उमटतं, म्हणून कागदावर लिहितो आहे. खुशी फोटो काढून पाठवील.

तर मूळ मुद्दा. तू घरच्या ग्रुपवर तुझ्या अभ्यासाविषयी लिहिलं होतंस, की बाहेरच्या देशांतून येऊन तुमच्याकडे वसलेल्या लोकांत मेंदूचे आणि नसांचे काही आजार तिथल्या मूळच्या लोकांपेक्षा कमी आढळतात. ते वाचून मी खाटेवर उठूनच बसलो. अरे, बाहेरून आलेले म्हणजे आपणच की! आपले पूर्वज माळव्यातून, धारहून इकडे आले. तीनशे वर्षं झाली असतील, पण लग्नाच्या बोलणीत आपण अजूनही काल सामान उतरवल्यासारखंच सांगतो. म्हणजे हा आजार मला होऊच शकत नाही. मी हे मामीला शांतपणे समजावून सांगितलं. तिने शांतपणे वांगी चिरली.

घरात किंमत नाही म्हणून मी विषय समाजाच्या सभेत नेला. अध्यक्ष दुलीचंद कटरे यांनी (त्यांना कुठल्याही विषयात समाजाचा गौरव दिसला की पुरतो) मला लगेच माईक दिला. भाषण उत्तम झालं. फक्त हातातला कागद माईकजवळ एवढा फडफडला, की मागच्या रांगेतल्या एकाने उठून पंखा बंद केला. शेवटी ठराव झाला, की माळव्याहून आलेल्यांचे मेंदू मुळातच मजबूत असून, याचा पुरावा बिसेन गुरुजींनी (म्हणजे मी) गावात पाहणी करून द्यावा. टाळ्या फार वेळ वाजल्या. मी हात जोडूनच ठेवले, जोडलेले हात जरा कमी हलतात.

पाहणीची पद्धत माझी स्वतःची. स्टीलचा पेला काठोकाठ भरायचा, समोरच्याच्या हातात द्यायचा आणि साठ आकडे मोजायचे. सांडलं तर नाव एका बाजूला, नाही सांडलं तर दुसऱ्या. आपले पोवार सगळे पास झाले. आता मूळचा माणूस म्हणून मी सुखराम उईकेकडे गेलो. गोंड माणूस, वय त्र्याहत्तर, याच्यापेक्षा मूळचा कुठून आणणार? त्याने एका हातात पेला धरला, दुसऱ्या हाताने विडी पेटवली आणि मी साठ मोजेपर्यंत धानाच्या भावावर बोलत राहिला. थेंब सांडला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गुर्जी, आता तुमी धरून दाखवा." मी सतरापर्यंत पोचलो. माझ्या पायजम्याकडे पाहून तो हसला नाही, हे मला जास्त लागलं. हळूच म्हणाला, "काऊन गुर्जी, हात एवढा काऊन हालून राहिला? कोनाले दाखवा ना."

पण संशोधकाने एका उदाहरणाने डगमगू नये. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की सुखरामचा आजा नागझिऱ्याच्या पलीकडून आला होता. म्हणजे तोही बाहेरचाच! त्याला बाहेरच्यांत टाकला. भैय्यालाल किराणावाला छत्तीसगडचा, तो बाहेरचा. कुंभारांचे आजोबा आमगावहून, तेही बाहेरचे (आमगाव इथून सहा किलोमीटर आहे, पण नियम म्हणजे नियम). संध्याकाळपर्यंत गावात मूळचा असा कोणीच उरला नाही. तुलना कोणाशी करायची हेच कळेना.

ही अडचण मी जेवताना बोलून दाखवली, तीच चूक झाली. मामीने ताटात भात वाढला आणि म्हणाली, "मी सौंदडहून आली. तुमची माय तिरोड्याहून आली होती. गावातल्या साऱ्या बाया बाहेरच्या आहेत. सातदा बदली रद्द करून इथंच बसून राहिलेले मूळचे एकटे तुमीच आहा. अन् हात बी एकट्या तुमचाच कापून राहिला." यावर मी वरण मागितलं.

बाकी क्षेम. थोरांना नमस्कार, लहान तिकडे कोणी नाही म्हणा.

तुझा मामा,
लक्ष्मीचंद बिसेन

ता. क. : मामीने मला न विचारता नागपूरच्या डॉक्टरची मंगळवारची वेळ घेतली आहे. तरी तुझ्या विद्यापीठाच्या कागदावर दोन ओळी लिहून ताबडतोब पाठव, की गोंदिया जिल्ह्यातील पोवार हे बाहेरून आलेले असून त्यांना तपासणीची गरज नाही. शिक्का मारता आला तर उत्तम.

ता. क. २ : दाखला पाठवू नकोस. फोटो काढताना खुशीने सगळं पत्र वाचलं आणि तुझा तो निरोप उघडून दाखवला. मी 'अधिक वाचा' हे निळं अक्षर दाबलंच नव्हतं. खाली तू लिहिलंयस, की त्याच देशात जन्मलेल्या पुढच्या पिढीत हा फरक बहुधा कमी होत जातो, आणि हे सगळं हजारो माणसांच्या आकड्यांचं आहे, एका माणसाला यावरून काही सांगता येत नाही. हे वर लिहायला काय झालं होतं तुला?

ता. क. ३ : मंगळवारी जातो. बाबांचाही हात असाच थरथरत असे. तेव्हा आम्ही त्याला म्हातारपण म्हणायचो आणि चहा अर्धा कप द्यायचो. मला भीती वाटते, हिमांशू. डॉक्टर बोलेल तेव्हा फोनवर राहा. मामी सगळं ऐकेल, मला त्या वेळी काहीच ऐकू येणार नाही. तुमच्याकडे तेव्हा रात्र असेल, पण जागा राहा.

आणि दुलीचंदचा फोन आला, तर नागपूरवाल्यांनी संशोधनासाठी मला खास बोलावून घेतलंय, असं सांग. या पाहणीबद्दल परवा समाजाकडून माझा सत्कार आहे.