म्हशीच्या धोंड्याचा आकडा

नेरे, रविवार

प्रिय रंजू,

फोनवर तुझं निम्मं लक्ष बंगळुरूला तू भिंतीवर चढायला शिकवतेस त्या मुलांकडे असतं, आणि मी मुद्द्याला येईपर्यंत तू ठेवूनही देतेस. म्हणून पत्र. हे तुला मधेच कापता यायचं नाही. अंगणवाडीतल्या बाईंचं अक्षर आहे, वाचायलाही त्रास नाही. इकडे सगळं ठीक. वालाला शेंगा बऱ्या धरल्यात.

आपल्या शेतातला म्हशीचा धोंडा आठवतो ना? आठवतो ना काय विचारते मी! कॉलेजात असताना जेवणखाण सोडून त्यालाच चिकटलेली असायचीस. ना दोर, ना काही, खाली फक्त जुनी गादी. ज्या दिवशी वर पोचलीस, त्या दिवशी व्ही फोर, व्ही फोर ओरडत घरी आलीस, आणि तुझ्या बाबांना वाटलं साप निघाला. मग तूच समजावलंस. शून्यापासून आकडे सुरू होतात, जेवढा मोठा तेवढं चढणं अवघड. पहिला चढणारा आकडा सुचवतो, पण तो नुसता त्याचा शब्द. मागून चढणारे हो म्हणाले की तो पक्का.

तेव्हा डोक्यावरून गेलं होतं. आता चांगलं कळतं. बाबा गेल्यापासून दर रविवारी खारघरचा निनाद आणि पनवेलची सिदरा गाद्या पाठीला लावून तो धोंडा चढायला यायची. निनाद ताडमाड, त्याचा हात कडेला सहज पोचतो, म्हणून तो तुझ्या धोंड्याला व्ही थ्री म्हणायचा. सिदरा माझ्याएवढी बुटकी, तिच्या मते पाचाच्या खाली बोलायचंच नाही. ओटीवर गवती चहा पिताना दोघं भांडायची. मी म्हणायचे, अरे, बोंबलाचं कालवण एकाला तिखट लागतं, एकाला फिकं, म्हणून काय दोन टोप चढवायचे? शेवटी सगळ्यांचं मिळून चारच राहायचं, आणि मला उगाच बरं वाटायचं. एकदा मी मागच्या सोप्या बाजूने सुकट वाळत घालायला वर गेले, तर निनादने मला व्ही झिरो दिला. हसू नकोस. तुझ्या आईलाही आकडा आहे.

यंदा पाऊस उघडल्यावर सिदराने उजवीकडची ती बोटभर कड धरली आणि कडच तिच्या हातात आली. पोरगी गादीवर पडली, लागलं नाही. तुकडा मी मिठाच्या बरणीशेजारी ठेवलाय. निनाद म्हणाला, काकी, पकड तुटली म्हणजे जुना आकडा गेला, आता जो पहिला चढेल तो नवा सांगेल. आणि हाताला पांढरी पावडर चोळून निघालाच की तो! माझ्या डोक्यात तिडीक गेली. धोंडा माझ्या लेकीचा आणि आकडा हा लंबूटांग सांगणार? मी आडवी आले. ठोकून दिलं, रंजू दिवाळीला येतेय, तोवर कोणी हात लावायचा नाही. शिवाय करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून धोंड्याभोवती लावल्या.

पोरं गुणाची. बरं काकी म्हणाली, आणि नदीकडच्या दगडांवर जायला लागली. तिकडून आपली ओटी लांब पडते.

दिवाळी गेली. तू आली नाहीस, पण मी तुला बोलावलं तरी कुठे होतं? येशील असं धरूनच चालले. अजून रविवारी सवयीने तिघांचा चहा टाकते आणि एकटीच पीत बसते. फार एकटं वाटतं गं. फोनवर हे तोंडातून निघालं नसतं.

म्हणून लिहिलं. ये. चढ, पड, हवा तो आकडा दे, नाही पोचलीस वर तरी चालेल. आणि यायचं नसेल तर तेही सरळ लिही. मी कोयता घेऊन फांद्या काढते आणि निनादला बोलावते. लागू दे त्याचा आकडा. मला ओटीवर माणसं हवीत. पण आधी तुला विचारलंय.

तुझीच,
व्ही झिरोवाली आई