सगुणेची मोजणी

१५ जानेवारी १९२४

सागरगोट्यांनी काम केले! बारा भागिले तीन म्हटले की गेनबाची सगुणा वर्षभर रडायची. आज जमिनीवर बसवली. बारा गोटे मांडले; तेरावा उडवायचा, पडायच्या आत तीन उचलायचे. चार झेलांत जमीन साफ. "म्हंजी चार, गुर्जी! त्यात काय?"

त्यात काय म्हणे! मग मी वर्षभर छडी कशाला झिजवली?

१६ जानेवारी

डिप्टीसाहेब सोमवारी भोरहून शाळा तपासायला येणार. मागल्या खेपेला पोरे बाहेर खेळताना पाहून म्हणाले होते — "खेळच खेळायचे तर शाळा कशाला? हजेरी विसाखाली दिसली की कुलूप." पोरांना घरचा अभ्यास दिला: घरात दिसेल ते मोजा, तेवढे चिंचोके आणा.

१८ जानेवारी

कोंडिबाच्या पोराने नऊ आणले, कोंबड्यांचे. सगुणेने सात.

"कशाचे गं?"

"उंदराचं. मेल्यालं. कणगीमागं हायती."

उंदीर पडले की मागोमाग गाठीचा ताप, प्लेग! गावाला कळले तर उद्याच सगळे घरे सोडून माळावर खोपी घालतील, आणि सोमवारी साहेबांपुढे मी आणि फळा.

"बापाला ठाऊक आहे?"

"न्हाई."

म्हणालो, "सोमवारपर्यंत कुणाला सांगू नको. कुणाला दिसू देऊ नको." मान डोलावली. गुणाची पोर.

तीन दिवसांनी काय बिघडते?

१९ जानेवारी

आज सगुणेकडून अकरा चिंचोके. मी मागितले नव्हते.

२१ जानेवारी

हजेरी सव्वीस! साहेब खूष. "हे भोरच्या शाळांतही करून पाहू," म्हणाले. सगुणेने चोवीस भागिले सहा करून दाखवले, पण दोनदा गोटा हातून सुटला. तिचा कधी सुटत नाही. पाठ थोपटली तर अंग कढत.

साहेबांचा टांगा वळला आणि धावत पाटलाकडे गेलो. उंदरांचे आजच कळले, असे सांगितले. खोटे बोललो.

२२ जानेवारी

गाव माळावर. सगुणेला जांघेत गाठ. देवा, तिला वाचव.

२४ जानेवारी

सगुणा गेली. गेनबा म्हणाला, "घरात उंदीर पडल्यालं आमाला कळलंच न्हाई, गुर्जी. पोर शेपटाला धरून एकेक परड्यात पुरीत व्हती. कुणाला दिसू द्याचं न्हाई, म्हनायची."

कुणी सांगितले, ते तिने त्याला शेवटपर्यंत सांगितले नाही.