दसऱ्यापासूनची हिरवी तुळस

प्रिय शशांक,

मी अज्जी. कुठली अज्जी म्हणून डोकं खाजवू नकोस. तुझ्या बापाची आई, लष्कर मोहल्ल्यातली. तुझी विसरायची तऱ्हा मला ठाऊक आहे. शाळेतून येताना एका पायातली चप्पल विसरून यायचास, आणि दुसरीकडे बघून दोन्ही आहेत म्हणायचास. अक्षर तुझ्या सरोजिनी आत्याचं, जीभ माझी. ती मधेच पेन थांबवून माझ्या तोंडाकडे बघते. मी म्हटलं, सुम्ने, मी सांगते तसं लिही, गोड करत बसू नकोस.

तुझा फोन आला, अज्जी, डब्याचा दिवा लागलाय का बघ. बघते म्हणाले. तर ऐक आता.

तो काळा डबा तू देवघराच्या फळीवर ठेवलास तो दिवस आठवतो. आपल्या घरच्या गोष्टी परक्या कंपनीच्या कपाटात कशाला, आपला डबा, आपलं घर, असं म्हणालास. मला ऐकून बरं वाटलं. घरचं घरात राहावं असं निदान एका नातवाला वाटतं. मला अक्षर येत नाही म्हणून काचेच्या पाटीवर चित्रं काढून दिलीस. उठले की तुळशीवर बोट, गोळी घेतली की लोट्यावर बोट. बोट लावलं की ते डब्यात जाऊन बसायचं आणि तिकडे बेंगळुरात तुझ्या फोनवर तुळस हिरवी व्हायची. त्याआधी तू रोज सकाळी फोन करून विचारायचास. डबा आला आणि विचारायचं राहिलं. बघितलं की झालं. तुझे आईबाप मस्कतला, त्यांनाही तूच सांगायचास, अज्जी बरी आहे, आत्ताच बघितलं.

एकदा मी विचारलं होतं, दिवे गेले, डबा बंद पडला, तर रे? तू हसलास. म्हणालास, शेवटचं जे असेल तेच दिसत राहील, पान रिकामं दिसायला नको. तारीख घालायचास की, म्हटलं. तर म्हणालास, तुला वाचता कुठं येतं अज्जी, तारीख कशाला. खरंच की. मला वाचता येत नाही म्हणून तुलाही वाचायला काही ठेवलं नाहीस.

खंडेनवमीला आपल्याकडे काय करतात ते तुला सांगायला नको, पण सांगते. घोडदळातल्या पणजोबांची तलवार, खोबऱ्याची खवणी, शिवणाचं मशीन, विळी, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि दशमीला उचलेपर्यंत त्याला काम सांगायचं नाही. तुझा डबा तर रात्रंदिवस राबणारा. त्याची वायर काढली, कोरड्या फडक्यानं पुसला, शेवंतीचं फूल ठेवलं, तिथंच फळीवर तलवारीशेजारी निजवला. दशमीला सकाळी तलवार उचलली, खवणी उचलली. डब्याकडे हात नेला आणि पायाखालचा पाट सरकला.

सगळा मोहल्ला जंबूसवारीचे हत्ती, मिरवणूक बघायला गेलेला. हाका मारून मारून घसा बसला. समोरचे घड्याळवाले संताजीराव सोनं द्यायला आले तेव्हा ऊन उतरलं होतं. सोन्याची ती बन्नीची पानं हातात धरून म्हातारा दारात रडला. मी म्हटलं, अहो, आधी सोनं द्या, मग रडा. मांडीचं हाड मोडलं. लोखंड घातलंय. डॉक्टर म्हणाले, आता चालणं नाही. घराला कुलूप, आणि मी इथं सरगूरला, सरोजिनीच्या मागच्या खोलीत. खिडकीतून म्हैस दिसते. ती रोज माझ्याकडे बघते, आणि खरंच बघते.

सरोजिनी तेव्हाच तुला फोन लावत होती. मीच देवाची शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही, पोराच्या बापालाही नाही. शशांक रोज बघतो, म्हटलं, कळेल त्याला. दिवाळीला तुझा फोन आला. मी पलंगावर, पायाला वजन बांधलेलं. तू म्हणालास, अज्जी, रोज बघतो मी, तुळस एकदम हिरवी, गोळ्याही वेळेवर. नमिताला किती कौतुक तुझं. मी हो रे म्हटलं. सरोजिनी पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. आत्ताही तिचं पेन थांबलंय. लिही गं.

आणि परवा कळलं तुला डबा बंद आहे ते. का, तर तुझ्या नि नमिताच्या माघातल्या लग्नाच्या पाहुण्यांची नावं त्यातच ठेवलीयत, आणि नवी नावं आत जाईनात. मला बरी आहेस का विचारलं नाहीस. विचारशील कशाला, सकाळीच बघितलं असशील.

पत्र लिहायला लावलं ते एवढ्यासाठीच. किल्ली संताजीरावांकडे आहे. डबा फळीवर निजवला तिथंच असेल, फुलाचा चुरा फुंकून टाक, वायर लाव. दिवा लागला की आधी त्या पाहुण्यांतून माझं नाव काढ. मग माझ्या पाटीवर तुळशीला तूच बोट लाव आणि बेंगळूरला परत जा. हिरवी दिसेल, तुला तेवढं पुरतं. सरगूरला येऊ नकोस, इथं बघण्यासारखं काही हिरवं नाही. फक्त लग्नातली चिरोटी पाठव. वर दूध घालून पाठवू नकोस, इथं म्हैस आहे. पहिल्या पंगतीची नको, शेवटी उरलेली पाठव. उरलेल्यावर राहायला शिकलेय मी.

तुझीच,
अज्जी